खंडेनवमीला निजलेला पंप

माझं डोकं लवकर तापतं. कोल्हापूर सोडून मैसूरला आले तरी त्यात काडीचा फरक पडला नाही. एका खासगी सल्लागार कंपनीतर्फे कारखान्यांचं सांडपाणी नियमात बसतं का ते बघायचं, आणि बसत नसेल तर मालकाच्या मागे हात धुऊन लागायचं, हे माझं काम. गोड बोलून ते होत नाही. पण हूटगळ्ळीच्या, म्हणजे शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या मावशींवर ओरडले, तेव्हा त्यांनी मला कॉफी दिली.

मावशींचा रेशमाच्या लडी रंगवायचा छोटा कारखाना, मागेच घर. त्यांचे पूर्वज मैसूरच्या जुन्या फौजेत आलेले मराठे, त्यामुळे मराठी घरची, पण बोलताना निम्मं कन्नड. यजमान गेल्यापासून सगळं एकटीच्या अंगावर. मुलगा बायकामुलांसह बंगळुरूला, बाराव्या मजल्यावर. तो फोनवर एकच टुमणं लावायचा, "अम्मा, बंद कर ते, इकडे ये." त्यांना जायचं नव्हतं. त्यातच दिवाळीच्या सुमारास परवाना संपत होता. प्रदूषण मंडळाचे अधिकारी येऊन पाण्याचा नमुना नेणार. नमुना नापास झाला की कारखान्याला टाळं, आणि टाळं लागलं की बारावा मजला. एवढं साधं होतं ते.

दसऱ्याची सुट्टी संपता संपता मी तिकडे गेले, तर फाटकातच नासक्या अंड्यांचा वास आला. आत टाकीतलं पाणी काळंकुट्ट. रंगाचं पाणी साफ करणारे जिवाणू या टाकीत असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना रात्रंदिवस हवा लागते, म्हणून तिथे हवेचा पंप. त्या पंपाला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला कोहळा. आणि पंप बंद!

"हा कुणी बंद केला?"

"मीच ग. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना विश्रांती देतात, अल्वा? हा एकटाच पापा वर्षभर निजला नाही. म्हटलं, इरली, कामगार येईपर्यंत निजू दे."

अल्वा म्हणजे नाही का, पापा म्हणजे बिचारा, इरली म्हणजे असू दे. बिचारा म्हणे! माझा पारा चढला. "अहो मावशी, पंपाला निजवलंत आणि आतल्या जिवांचा श्वास कोंडलात! सगळे मेले ते!"

मावशी टाकीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "आत जीव होते?"

"मग पाणी काय आपोआप साफ होत होतं?"

"अय्यो, आणि मी सणाच्या दिवशी..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. परवान्याचं नावसुद्धा काढलं नाही, त्या जिवांसाठी रडल्या. अशा बाईवर कसलं रागावणार? तेवढ्यात त्याच मला म्हणाल्या, "तू उन्हातून आलीस, आधी कॉफी घे." मी पंप सुरू केला आणि मुकाट्यानं कॉफी घेतली.

संध्याकाळी मी तिथेच असताना मुलाचा फोन आला, मावशींनी तो स्पीकरवर घेतला. त्याला सगळं कळल्यावर म्हणाला, "एवढं काय त्यात? नमुन्याच्या दिवशी साधं पाणी मिसळा. कोण बघतंय?" मी तोंड उघडणार, तोच मावशी बोलल्या. "ही गटार कुठं जाते ठाऊक आहे ना तुला? त्याच तळ्यात तुला बाबांनी पोहायला शिकवलं. बेडा. मला नको असलं काही. पाणी बरं होईपर्यंत मी एक लड भिजवणार नाही."

आणि खरंच त्यांनी दिवाळीच्या ऐन हंगामात रंगाच्या भट्ट्या थंड ठेवल्या. आलेलं रेशीम तसंच पांढरं परत पाठवलं. मावशी खंबीर.

दुसऱ्या एका कारखान्याच्या टाकीतला जिवंत गाळ, म्हणजे असल्याच जिवाणूंनी भरलेला, मी पिंपांतून आणला. तो टाकीत सोडला. त्याला खाऊ म्हणून गुळाचं पाणी, शेणाचा काला. रोज सकाळी मावशी, संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर मी. "जेवलीत का रे बाळांनो?" म्हणून मावशी टाकीत डोकावायच्या. मी चिडवायचे, "मावशी, पाळण्यात घालून नावं ठेवा आता." त्या खळखळून हसायच्या. इथं माझं असं कोण होतं मराठीत हसायला? मला त्या वाटेची ओढ लागली, खोटं कशाला बोलू.

माझ्याकडे छोटा सूक्ष्मदर्शक होता. रोज एक थेंब काचेवर घेऊन बघायचे, आणि रोज सगळं निपचित, जणू नवा गाळही त्या काळ्या पाण्यात तगला नव्हता. एका संध्याकाळी मात्र काहीतरी वळवळलं. मी मावशींना ओढूनच आणलं. त्यांनी डोळा लावला आणि श्वास रोखून बघत राहिल्या. "हललं ग! जिवंत आहे!" आम्ही दोघी वेड्यासारख्या एकमेकींना मिठी मारून उभ्या होतो.

मग टाकीत थोडं थोडं रंगाचं पाणी सोडून बघितलं. तेही साफ होऊन निघालं. अधिकारी आले तेव्हा त्यांनी विचारलं, हंगामात भट्ट्या का बंद होत्या? मी मावशींना डोळ्यांनी खुणावत होते, जास्त बोलू नका म्हणून. त्यांनी खंडेनवमीपासून सगळं सांगितलं, फोडलेल्या कोहळ्यासकट. अधिकारी ऐकून घेत होते. "पुन्हा बंद करू नका, अम्मा," एवढंच म्हणून नमुना घेऊन गेले. नमुना पास झाला. परवानाही आला.

त्या दिवशी मी तिथेच होते. मावशींनी मुलाला फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर. तो म्हणाला, "मग आता तरी दिवाळीला इकडे ये. चार दिवस राहा."

"कशी येऊ रे कंदा, बाळा? या जिवांना टाकून? हवा बंद झाली की जातात रे ते." मग आवाज एकदम बारीक झाला. "आणि खरं सांगू? मी पण तिथं तशीच जाईन. मला नेऊ नकोस."

इतक्या दिवसांत हे त्यांनी त्याला एकदाही स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात घट्ट धरला. 

मग तो म्हणाला, "बरं अम्मा. आम्हीच येतो. मुलांना पंप कसा चालवायचा ते शिकव."