'अहो' नावाचा खेळाडू

"मिसेस आपटे, हा ए. हो कोण?"

सोमवारी सकाळी मी अंगावरचा कोट काढायच्या आत रजिस्ट्रार मिस्टर रेनी माझ्या टेबलापाशी उभे. हातात एक पत्र. चेहरा असा, की चहात माशी पडलीय आणि चहा मी केलाय.

ही गोष्ट ग्लासगोची, साठच्या दशकातली. आमचे हे तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते आणि मी एका टेक्निकल कॉलेजच्या रजिस्ट्रीत असिस्टंट. रजिस्ट्री म्हणजे कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, कोर्स लिहून ठेवायचं खातं. कोण आपला आणि कोण परका, हे मी डोळे मिटून सांगायची. याच गुणामुळे फुटबॉल माझ्या गळ्यात पडला. कॉलेजांच्या कपमध्ये फक्त नाव दाखल असलेलाच विद्यार्थी खेळू शकतो. प्रत्येक मॅचआधी अकरा नावांचा कागद जायचा, त्याला टीमशीट म्हणतात. त्याखाली 'हे सगळे आमचेच' अशी सही माझी असायची. बाकी फुटबॉलचं माझं ज्ञान एवढंच, की बॉल जाळ्यात गेला की शहाणी माणसं वेड्यासारखी वागतात.

पत्र कपच्या कमिटीचं होतं. सेमीफायनलमध्ये रेफ्रीनं तुमच्या ए. हो या खेळाडूचं नाव वहीत घेतलं. टीमशीटवर असं नाव नाही. बाहेरचा माणूस खेळवला असेल तर तुमचं कॉलेज कपमधून बाद. गुरुवारी येऊन खुलासा करा. आणि शनिवारी फायनल! आमचं कॉलेज जन्मात पहिल्यांदा फायनलला पोचलं होतं.

"सही तुमची आहे," मिस्टर रेनी म्हणाले.

"आणि अक्षरही माझंच आहे," मी म्हटलं. "यात ए. हो नाही."

आमच्याकडे हो आडनावाचा एक होता. मलायाहून आलेला, रेफ्रिजरेशन शिकणारा. त्याला बोलावलं. तू सेमीफायनल खेळलास का, विचारलं. तो म्हणाला, मॅडम, मी आजवर बॉलला पाय लावलेला नाही आणि पुढेही लावणार नाही. शिवाय त्याचं इनिशियल के होतं. बिचाऱ्याला बिस्किट देऊन परत पाठवलं.

मग मी गेले विलीकडे. विली आमचा जेनिटर. म्हणजे किल्ल्या, बॉयलर आणि अफवा सांभाळणारा माणूस. कॉलेजच्या टीमच्या चाहत्यांचा तो म्होरक्याही होता. ग्लासगोत बाईमाणसाला प्रेमानं 'हेन' म्हणतात, म्हणजे कोंबडी. पुण्यात कुणी मला कोंबडी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. तिथे मी खुशाल ओ द्यायची.

"विली, हा हो कोण?"

"हो नाही, हेन. अहो! आपला अहो! सात नंबर!" विलीनं झाडू खाली ठेवला, छाती फुगवली आणि बॉयलररूम दणाणेल असा सुरू झाला, "आ-हो! आ-हो! आ-हो!"

मी तिथल्या बादलीवर बसले. मग जे हसू आलं ते थांबेना. विलीनं मला पाणी आणून दिलं.

सात नंबर म्हणजे सुधाकर भोसले. सांगलीचा, ओतकाम शिकायला आलेला. पायात वीज होती म्हणायचे, पण हातांचा घोटाळा होता. लहानपणापासून तो हुतूतू खेळलेला. कुणी बाजूनं निसटायला लागला की सुधाकरचा हात आपोआप त्याच्या घोट्याला जायचा. फुटबॉलमध्ये असला प्रकार चालत नाही. रेफ्री शिट्टी वाजवतो आणि त्याच्या खिशातल्या वहीत नाव लिहून घेतो. तेव्हा पिवळी कार्डं वगैरे निघाली नव्हती, नुसती वही. एका सीझनमध्ये तीनदा नाव गेलं की पुढची मॅच घरी बसायचं. सुधाकरचं नाव सेमीफायनलच्या आधी दोनदा गेलेलं होतं. चाहत्यांना मात्र तो जिवापाड आवडायचा. इतक्या प्रामाणिकपणे नियम मोडणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

सेमीफायनलला त्याची बायको मंदा पहिल्यांदा मॅचला आली होती. ग्लासगोत येऊन दोन महिने झालेले. कोटाखाली पातळ, डोक्याला मफलर. सुधाकर पडला की ती मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी धावायची, "अहो! अहो, लागलं का हो?" तीनचार वेळा असं झाल्यावर विलीच्या लोकांना वाटलं, बाई नवऱ्याला नावानं हाका मारतेय. ग्लासगोच्या माणसाला भोसले म्हणता म्हणता जीभ चावायची वेळ येते. अहो सोपं. सगळं मैदान अहो-अहो करायला लागलं. शेवटी शेवटी सुधाकरनं एकाचा घोटा धरलाच. रेफ्रीनं वही काढली. पाठीवरचा नंबर चिखलानं बुजलेला. रेफ्रीनं नाव विचारलं, सुधाकरनं सांगितलं, पण ऐकू कसलं येतंय? कानावर आलं तेच त्यानं लिहिलं.

दुपारी सुधाकर स्वतःच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, माझ्यामुळे तुमच्या सहीवर आलं."

"तू खोटं नाव दिलंस का?"

"आईशप्पथ नाही. भोसलेच म्हणालो. दोनदा म्हणालो."

"मग खरं सांगितलं, तर वहीतलं हे तुझं तिसरं नाव ठरतं. फायनल गेली."

"माहितीये," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. "पण नाही सांगितलं तर सगळ्यांचीच जाते."

तोवर बातमी फुटली होती. संध्याकाळपर्यंत पोरांनी जिन्यात फलक लावला, 'अहो निर्दोष आहे!' ड्रॉइंगच्या वर्गानं बॅजेस बनवले. कॅन्टीनच्या बायका सुधाकरला सूप जास्त वाढायला लागल्या. विलीकडे तर एक योजनाच तयार होती.

"हेन, तू एक फॉर्म भर. मागच्या तारखेचा. अहो नावाचा विद्यार्थी. मग रेफ्रीच्या वहीत अहोचं हे पहिलंच बुकिंग, आणि भोसले मोकळा! शनिवारी खेळेल!"

"आणि पुन्हा बुकिंग झालं तर?"

"अजून एक फॉर्म भर."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. सुधाकरचा तो खिडकीबाहेर बघणारा चेहरा डोळ्यांपुढे होता. पण माझ्या रजिस्टरमध्ये आजवर एक खोटं नाव चढलेलं नव्हतं. मी विलीच्या हातात झाडू दिला.

गुरुवारी दुपारी एका टी-रूमच्या वरच्या खोलीत कमिटी बसली. चेअरमनचं आडनाव लॉरी, अंगकाठीही तशीच. शेजारी रेफ्री, वही पुढ्यात. आम्ही चौघं: मिस्टर रेनी, सुधाकर, मंदा आणि मी. आणि खाली जिन्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. बॅजेस लावून अख्खा जिना अहो-अहो करत होता.

"मिसेस आपटे," मिस्टर लॉरी म्हणाले, "हे मिस्टर अहो आहेत तरी कुठे?"

"असे कुणी नाहीत. अहो हे नाव नाही. आमच्यात बायको नवऱ्याला अहो म्हणते."

"म्हणजे टोपणनाव?"

"नाही. सगळ्याच म्हणतात. मीही माझ्या मिस्टरांना अहोच म्हणते."

मिस्टर लॉरींनी चष्मा काढला. "म्हणजे दोन मिस्टर अहो आहेत? ते भाऊ आहेत का?"

"लाखो आहेत," मी म्हटलं. मिस्टर रेनींनी डोळे मिटून घेतले.

रेफ्री शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाई हाका मारत होत्या. बायकोला नवऱ्याचं नाव माहीत नसेल का?"

"बरोबर," लॉरी म्हणाले. "त्यांनाच विचारू. मिसेस भोसले, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

मी मंदाला मराठीत सांगितलं. तिनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"यांना नाव माहीत नाही का?"

"माहीत आहे. घेणार नाहीत."

"साक्ष द्यायला नकार?"

"नकार नव्हे हो! लाज!"

"मॅडम, नाव आलं नाही तर मला अहो हा वेगळा माणूस धरावा लागेल. मग कॉलेज बाद."

सुधाकर खुर्चीत पुढे सरकला. "मंदे, सांग गं एकदा." ती आणखीनच लाल झाली. आणि मला सुचलं. मी तिच्याकडे वाकून दोनच शब्द बोलले. "मंदा, नाव घे."

हे दोन शब्द ऐकले की आपली बाई झोपेतूनही उठून बसते. मंदा ताडकन उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, घसा साफ केला आणि रेफ्रीकडे बघत खणखणीत म्हणाली,

"हिरव्यागार मैदानावर पांढऱ्या रेघा चार,
सुधाकररावांनी पाय धरले, माफ करा एकवार!"

मी तर टाळ्याच वाजवल्या. सवयच ती. चहा घेऊन आलेल्या बाईनं ट्रे खाली ठेवून वाजवल्या. मिस्टर लॉरींना काही कळलं नव्हतं, पण तेही वाजवायला लागले.

"याचा अर्थ?"

मी अर्थ सांगितला. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव कवितेतच घेते. आणि पाय धरणं म्हणजे क्षमा मागणं. त्यामुळे सुधाकररावांनी समोरच्याचा घोटा धरला तो गुन्हा, आणि आता मिसेस भोसले धरताहेत ते रेफ्रीसाहेबांचे पाय. रेफ्री इतका हसला की वही खाली पडली. डोळे पुसत त्यानं विचारलं, "यातलं नाव कोणतं?" मी सांगितलं. त्यानं ए. हो खोडलं आणि एकेक अक्षर विचारून नाव लिहिलं.

मग मिस्टर लॉरींनी निकाल दिला. टीमशीट बरोबर. कॉलेज कपमध्ये राहील. पण हे तिसरं नाव, तेव्हा मिस्टर भोसले शनिवारी खेळणार नाहीत. कविता उत्तम आहे, पण नियम तो नियम.

जिन्यावर आधी आरोळी उठली, मग हाय हाय झालं. मंदा मला हळूच म्हणाली, "वहिनी, मी नाव घेतलं आणि त्यांची मॅच गेली." मी तिचा हात धरून बसले.

शनिवारी दोघं दोरीपाशी उभे होते. सुधाकर ओव्हरकोटात, हात खिशात. ते हात खिशातच ठेव, असं मी त्याला बजावलं होतं. विलीच्या लोकांनी एकाऐवजी अकराही खेळाडूंना अहो करून टाकलं होतं. गोलकीपर अहो, कॅप्टन अहो. रेफ्री तोच होता. त्यानं कानात कापूस घातला होता, असं विली अजून शपथेवर सांगतो.

एक-एक गोल झालेला. थोडाच वेळ उरला होता. समोरच्या टीमचा एक लांबटांग्या बॉल घेऊन आमच्या बाजूच्या कडेनं सुसाट निघाला. पुढे कुणी नाही. दोरीला लागून, अगदी सुधाकरच्या समोरून. माझं लक्ष त्याच्या खिशांकडे होतं. मी "सुधाकर, नको!" म्हणेपर्यंत ओव्हरकोट दोरीखालून आडवा झाला होता आणि लांबटांग्याचा घोटा सुधाकरच्या मुठीत होता. हुतूतूत त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मैदानभर असा हशा उसळला! दोन्ही कॉलेजांचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. रेफ्री धावत आला, सुधाकर चिखलातून उठला. रेफ्रीनं वही काढली. तो सुधाकरला ओळखत होता, पण कायदा म्हणजे कायदा.

"नाव?"

"आ-हो! आ-हो!" मैदान गरजलं. रेफ्रीची पेन्सिल हवेत थांबली. सुधाकरनं तोंड उघडलं, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार?

तेव्हा मंदा दोरी ओलांडून आत गेली. मफलर मागे पडला होता. रेफ्रीच्या समोर उभी राहून ती सगळ्या मैदानाच्या वर ओरडली, "सुधाकर! सुधाकर दत्तात्रय भोसले! बी, एच, ओ, एस, ए, एल, ई!"

कविता नाही, राव नाही. नुसतं नाव. सुधाकर तिच्याकडे असा बघत राहिला, की जणू त्याला कुणीतरी पहिल्यांदाच भेटतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी थंडीवर ढकललं.

बाहेरचा माणूस मध्ये आल्यावर रेफ्री बॉल मध्ये टाकून खेळ पुन्हा सुरू करतो. तसा तो केला. त्या लांबटांग्यानंच गोल मारला आणि आम्ही हरलो. पण हरलेल्यांची अशी मिरवणूक मी परत पाहिली नाही. विलीनं सुधाकरला खांद्यावर घेतलं होतं आणि मंदापुढे सगळे चाहते टोप्या काढून नाव उच्चारायचा सराव करत होते. "भोस्ली! भोस्ली!" ती हसत हसत चुका काढत होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर मीही करून बघितलं. जेवताना म्हटलं, "श्रीधर, मीठ दे." आमच्या ह्यांनी घास खाली ठेवला, माझी नाडी बघितली आणि विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मीठ मीच उठून घेतलं.

सोमवारी मिस्टर रेनी पुन्हा टेबलापाशी. या वेळी चेहरा बरा होता. टीमशीटमध्ये एक जादा रकाना काढा, म्हणाले. मी तो आखला, 'प्रेक्षक ज्या नावाने हाका मारतात ते नाव'. नोकरीत मी एक गोष्ट शिकले: माणसाला नाव एकच असतं असं समजून फॉर्म छापू नये. पुढच्या सीझनची पहिली टीमशीट माझ्याकडे सहीला आली. सात नंबरपुढच्या नव्या रकान्यात सुधाकरनं लिहिलं होतं, 'अहो'. आणि त्याखाली बारीक, वळणदार मराठी अक्षरात, दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं, 'फक्त घरी'.