साडूंचा ‘येतो’

आमच्या थोरल्या साडूंइतका एकेका शब्दावर अडून बसणारा माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांना दुसरा झाला नसेल. नव्वद सालाच्या सुमारास कोल्हापुरातले लोक कॉम्प्युटर चपला काढून बघायचे, त्या काळात साडूंनी साखर कारखान्यातली नोकरी सोडली, शाहूपुरीत एक खोली घेतली आणि अडत दुकानांसाठी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम लवकर झाला. मेन्यूची नावं ठरवण्यात मात्र वर्ष गेलं. त्यांची पद्धत अशी, की नाव सुचलं की घरी येऊन स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचं. आतून मेहुणीबाईंनी ‘काय म्हंताय?’ असं विचारलं की नाव बाद. ‘जतन करा’ असंच गेलं. ‘जपून ठेव’ ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातली तुपाची बरणी मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवली आणि ते नाव पास झालं. ‘पुसून टाक’च्या दिवशी ओटा नुसता लखलखत होता.

प्रोग्रॅममधून बाहेर पडायच्या बटणाला साडूंनी ‘येतो’ हे नाव दिलं आणि मला म्हणाले, “पावणं, घरातनं निघताना कोण ‘जातो’ म्हंतंय व्हय?” ते दाबलं की पडद्यावर उत्तर यायचं, ‘बरं, सावकाश या.’

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते जयसिंगपूरचे एक अडते शेठजी. हे हातचं गेलं तर परत कारखान्यात जायचं, असं मेहुणीबाईंनी ठणकावलं होतं. शेठजींचा पुण्यात शिकलेला मुलगा ‘येतो’ वाचून हसला आणि त्याने ‘बंद करा’ लिहायला लावलं. संसाराकडे बघून साडूंनी पडतं घेतलं. मुहूर्ताला शेठजींनी नारळ फोडला, पडदा वाचला आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

“लक्ष्मी आत येतीया आणि ह्यो बंद करा म्हंतोय? घिऊन जावा ह्याला.”

साडूंनी तिथल्या तिथे खुर्ची ओढली आणि ‘येतो’ परत घातलं. शेठजींनी ते दाबून बघितलं, उत्तर वाचलं. “माणसातलं हाय की,” म्हणत त्यांनी पहिला पेढा पडद्यालाच दाखवला.

पुढे बंगळूरचे रंगीत प्रोग्रॅम आले आणि गिऱ्हाइकं पांगली. साडूंनी खोली सोडली त्या दिवशी मी सामान उचलायला गेलो होतो. त्यांनी शेवटचं ‘येतो’ दाबलं. पडद्यावर नेहमीचं उत्तर आलं. त्यांची थट्टा करण्यात माझी निम्मी हयात गेली, पण तेव्हा मी उचललेलं खोकं परत खाली ठेवलं. साडू खुर्चीतून उठेनात.

“पावणं,” ते हळूच म्हणाले, “आता ह्याला कसं सांगायचं, मी काय परत यायचा न्हाय म्हणून?”