सावलीच्या कडेची वीट

आमच्या परसात ऊन कधी नव्हतेच, असे माझा मुलगा भाडेकरूंना सांगतो. हे साफ खोटे आहे. काल भोगीच्या भाजीसाठी पावटा सोलताना त्याचा उग्र वास बोटांना लागला आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार समोर उभी राहिली.

भर दुपारी घराची सावली परसात जिथे संपे, तिथे माझी पत्नी संक्रांतीला वीट ठेवी. दिवस मोठा होऊन सावली मागे सरे, तशी वीट घराकडे सरकवी. वीट मागच्या दाराच्या पायरीशी आली की भेंडी लावायची, हा तिचा नियम. त्या दुपारी मी आधीच बी टोकू लागलो, तर ती पावटा सोलता सोलता म्हणाली, "ऊन काय तुमच्या हुकमानं येतंय व्हय? वीट सरकू द्या की." मातीही अजून गारच लागत होती.

बाग आईच्या मागे वाळली, असे मुलगा म्हणतो. तेही खोटे. घरावर भाड्याच्या खोल्यांचे तीन मजले मी चढवले, तेव्हा ती हयात होती. त्या संक्रांतीला ती वीट घेऊन सावलीची कड शोधत थेट कुंपणापर्यंत गेली, तरी कड सापडली नाही. परत आली आणि वीट पायरीशी ठेवून दिली.