यमुनेचा डावा डोळा

दोन वर्षांच्या माझ्या यमुनेचा डावा डोळा किंचित तिरपा वळू लागला होता. तंजावूरच्या आमच्या घरात सगळ्यांचे म्हणणे एकच, मोठी झाली की होईल सरळ. माझ्या मनाला मात्र चैन नव्हते. आडी या तमिळ महिन्यातल्या एका शुक्रवारी मी तिला घेऊन पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीच्या देवळात गेले. तिच्या डोळ्यासाठी नवस बोलायचा होता.

रांगेत शेजारी पापनाशम गावाहून आलेली एक बाई होती. तिने यमुनेला कडेवर घेतले. आरतीची ज्योत समोर आली, तशी यमुनेच्या डाव्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक उठली. बाहेर आल्यावर त्या बाईने माझा हात धरला आणि तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, घरी जाऊ नका. आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला. माझ्या मुलाच्या डोळ्यातही हेच दिसायचं. आम्हाला उशीर झाला."

तिचा मुलगा आता कुठे आहे, हे विचारायची गरज पडली नाही.

ऑटोत ती आमच्याबरोबर बसली, तपासणी होईपर्यंत बाहेर थांबली. यमुनेच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ होती. डोळा काढला तरच जीव वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले. जो डोळा देवीकडे मागायला गेले, तोच गेला. शस्त्रक्रियेनंतर यमुना पट्टीवर हात ठेवून ती कधी काढायची म्हणून विचारायची आणि मी तोंड फिरवायची. देवापुढे दिवा लावणे मी सोडून दिले. यजमान मुकाट्याने लावीत. एकदा ते एवढेच म्हणाले, "देवीनं डोळा नेला म्हणतीस. मग त्या बाईला कोण पाठविलं?" मला रडूच आले.

पुढे जावेला मुलगा झाला. त्याचे डोळे चांगले दिसतात की, असे ती म्हणाली. तरी मी तिला आणि बाळाला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेले. बाळाचे दोन्ही डोळे निरोगी निघाले. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसूनच माझे हात आपोआप जोडले गेले.

यमुना आता शाळेत जाते. तिच्या उजव्या डोळ्याची तपासणी आम्ही कधी चुकवत नाही. देवळात तिच्या नावाने अर्चना करते, तेव्हा पापनाशमच्या त्या बाईने ऑटोत सांगितलेले तिच्या मुलाचेही नाव घेते. डोळे अजून भरून येतात. पण देवीकडे आता काही मागत नाही. आपल्या हातून होईल ते वेळेवर करावे आणि पुढचे तिच्या पायाशी ठेवावे, एवढेच मला कळले आहे.