रॅकवरचे तीन तुकडे

एका निर्दोष माणसाचा कॉम्प्युटर मी जप्त केला, आणि तो निर्दोष आहे हे मला पंचनाम्यावर सह्या होण्याआधीच कळलं होतं. नोकरीत माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या. ही त्यांत धरता येत नाही, म्हणूनच ती घटना अजून पाठ सोडत नाही.

तेव्हा मी रत्नागिरीत उपनिरीक्षक होतो. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते. औद्योगिक वसाहतीतला एक वर्कशॉपवाला ठाण्यात आला आणि ठाणे अंमलदाराला टाळून थेट माझ्या टेबलाशी बसला.

"साहेब, माझ्या शेजारच्या शेडमध्ये चोरीची सॉफ्टवेअरं चालतात."

"कशावरून?"

"महिन्याभरात चार वेगवेगळी बघितली त्याच्याकडे. त्यानेच हौसेने बोलावून दाखवली. मी एकाचं वर्षाचं भाडं भरताना मेटाकुटीला येतो. आणि याची एक जुनी सेकंडहँड मशीन, त्याला चार?"

प्रकरण कॅम सॉफ्टवेअरचं होतं. ड्रॉइंगवरून मिलिंग मशीनला कटर कुठून कसा फिरवायचा याचा कोड बनवून देणारं ते सॉफ्टवेअर. खबर आली की खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा हे आधी बघावं, असं मी नव्या शिपायांना शिकवत असे. पण त्याने शेजाऱ्याचं नाव घेतलं आणि मी ते विचारलंच नाही.

तो शेजारी माझा आयटीआयचा सोबती होता. मशिनिस्टच्या वर्गात माझा हात त्याच्याहून साफ. निदेशक माझा जॉब, म्हणजे मी घडवलेला तुकडा, उचलून सगळ्यांना दाखवायचे. पुढे वडिलांनी सरकारी नोकरीचा हट्ट धरला आणि मी पोलिसांत भरती झालो. त्याने मुंबईत लोकांच्या मशीनवर वर्षं काढली आणि परत येऊन स्वतःची शेड टाकली. गस्तीवर असताना त्याच्या दारावरून जीप गेली की मी मुद्दाम दुसरीकडे बघत असे. शेडवरची ती पाटी माझ्या नावाची असायला हवी होती, असं वाटायचं.

रीतीप्रमाणे आधी त्याच्याकडे बिल मागायला हवं होतं, सॉफ्टवेअर कंपनीला विचारायला हवं होतं. मी दोन पंच आणि एक हवालदार घेऊन निघालो.

"अरे मेल्या, आज वाट चुकलास की काय?" तो हात पुसत पुढे आला. "बस, चहा सांगतो."

"चहा नको. पंच बरोबर आहेत."

हिशेब बघायला त्याची बायको तिथेच बसायची. ती उठून उभी राहिली. "भावजी, हे काय?"

मी उत्तर दिलं नाही. पंचनामा सुरू असताना रॅकवर ॲल्युमिनियमचे तीन तुकडे दिसले. तिन्ही हुबेहूब सारखे, प्रत्येकावर मार्करने वेगळ्या सॉफ्टवेअरचं नाव. उचलून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकाच्या कोपऱ्यात कटर थरथरल्याच्या खुणा होत्या, दुसरा बरा, तिसरा गुळगुळीत. मला तिथेच समजलं. एकच जॉब तो वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर करून बघत होता. चोरून आणलेल्या मालाची एवढी परीक्षा कोणी घेत नाही. जपून पैसे टाकणारा घेतो.

"साहेब, हे घ्यायचे?" हवालदाराने विचारलं.

"भंगार आहे," म्हणत मी तुकडे परत ठेवले. कॉम्प्युटर सील झाला.

ठाण्यात जबाब देताना तो चिडला नाही. मला मशीन कळते या भरवशावर तो समजावत राहिला.

"चारही ट्रायलवर घेतली होती रे. एकाने ट्रायलमध्ये कोड बाहेर काढू दिला नाही. जे माझ्या मशीनवर चालवून बघता येत नाही ते घेऊन करू काय? दुसऱ्याला दरवर्षी भाडं आणि सतत नेट. आपल्याकडे पावसात नेट असतं? तिसरं पाच अक्षांच्या मशीनचं. माझं काम सपाट प्लेटी, खाचा आणि भोकं. शेवटचं लहान कंपनीचं. एकदाच पैसे, आणि माझ्या मशीनच्या जुन्या कंट्रोलरला चालेल असा कोड त्यांनी बसवून दिला. ते विकत घेतलं."

"बिल?"

"मेलवर आहे. हा बघ, मोबाइलवर."

"मोबाइलवर कोणी काहीही बनवतं. कंपनीला विचारू."

विचारणा मी केली, पण सावकाश.

दरम्यान एक नाखवा ठाण्यात आला. त्याच्या ट्रॉलरच्या विंचसाठी, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्रासाठी, लागणाऱ्या प्लेटींची ऑर्डर माझ्या सोबत्याकडे होती. त्याची पहिली मोठी ऑर्डर. तिच्या भरवशावर त्याने दुसरी मशीन सांगून ठेवली होती.

"साहेब, बंदी उठायला आली. त्याचा कॉम्प्युटर सोडा, नायतर जाळं ओढायला तुम्ही या बोटीवर!"

हवालदार हसला. मीही हसलो.

कंपनीचं उत्तर आलं. सॉफ्टवेअर त्याच्याच नावावर विकलेलं होतं. बाकीच्यांच्या ट्रायलही रीतसर निघाल्या. मी खबर देणाऱ्याला बोलावून घेतलं.

"चोरीचं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, साहेब? मी एवढे पैसे भरतो आणि जॉब त्याचा माझ्यापेक्षा साफ येतो. मग चोरीचंच असणार ना!"

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो जे उघड बोलत होता तेच मी इतके दिवस वर्दीच्या आत घेऊन फिरत होतो. जाताना तो सहज म्हणाला, "नाखव्याची ऑर्डर आता माझ्याकडे आली."

कॉम्प्युटर परत द्यायला हरकत नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला. कोर्टाच्या आदेशाने कॉम्प्युटर परत गेला, तोवर बोटी समुद्रात गेल्या होत्या. दुसरी मशीन त्याने रद्द केली. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. कागदोपत्री सगळं नियमात होतं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. संशयिताकडे बघताना आपल्याला त्याच्याबद्दल आधीपासून काय वाटतं, हा तपासाचा पहिला प्रश्न असायला हवा. मत्सर असेल तर ते प्रकरण दुसऱ्याकडे द्यावं. मत्सराला पुरावा दिसतो. फक्त पुरावा सोयीचा नसला की मत्सर त्याला भंगार म्हणतो.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी त्याच्या शेडमध्ये गेलो. त्याने मशीन थांबवली. बायको टेबलाशीच होती.

"आता काय जप्त करायचंय?" तिने विचारलं.

"त्या दिवशी तुकडे हातात घेतले तेव्हाच मला कळलं होतं," मी त्याला म्हणालो. "तू काही चोरलेलं नाहीस हे कळलं होतं."

त्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "मला वाटायचं, तू मशीनचं काम विसरलास. हिलाही मी तेच सांगायचो. विसरला असेल बिचारा."

"विसरलो नव्हतो. तू शेड टाकलीस ते मला बघवत नव्हतं. म्हणून तुला अडकवलं." मग मी तिच्याकडे वळलो, कारण त्या दिवशी प्रश्न तिने विचारला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. "वहिनी, तुमची ऑर्डर माझ्यामुळे गेली. मला दोघांनी माफ करा."