मीठ-हळदीची द्राक्षं

भोपाळबाहेरच्या त्या नवाबी द्राक्षबागेत पूर्वी वाइन व्हायची, मग नुसतं रान माजलं. ती बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून आम्ही अरेरा कॉलनीत घरोघर पत्रकं वाटली आणि नव्या मालकाने वेली पुन्हा लावल्या. यंदा पहिलं पीक आलं, जेमतेम एका पिंपापुरतं. तोडणीला हात कमी होते, म्हणून मी इंद्रपुरीचं महिला मंडळ नेलं, आईसकट.

वाइनची द्राक्षं धूत नाहीत, सालीवरच्या खमिरानेच रस आंबतो. हे मी मंडळात वाटलेल्या तोडणीच्या सूचनांत ठळक छापलं होतं. तरी मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात बायकांनी टब मांडून द्राक्षं मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवली. याला मी दंडेली म्हणते.

"आई, हे काय?"

"फवारे मारतात गं. वर तुम्ही पायांनी तुडवणार. निदान धुवा तरी."

मालकाने एक द्राक्ष चाखलं. "बहनजी, ये तो अचार हो गया."

"अचार में राई लगती है," आई म्हणाली.

एकच टोपली कोरडी उरली होती. एखादी बाटली तरी होईल म्हणून मालक ती घेऊन जीपमध्ये शिरला आणि आतून दार लावून बसला. आई बाहेरून काच वाजवत होती, "भैया, इतनी सी तो धोने दो."