कमरेला झिजलेलं हत्यार

तोंड उघडून बघितल्याशिवाय आमची आत्या काहीही घेत नसे. घोटीच्या बाजारात बैलाचा जबडा ती स्वतःच्या हाताने फाकवायची. माठ घेताना आत डोकं घालून बघायची. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलाला तिने भर बैठकीत सांगितलं होतं, "पाव्हनं, जरा मोठ्यानं हसा बघू." पाहुण्याचे दात तंबाखूने काळे पडलेले निघाले आणि सोयरीक तिथेच मोडली. मळेकरी तिला फौजदारीण म्हणत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला झेंडू-शेवंतीचा मळा, एक बारमाही विहीर आणि कुणालाही न भिणारी जीभ, एवढं तिचं राज्य.

नव्वदच्या दशकात त्या राज्याला सोन्याचा भाव आला आणि तिच्या मागे कुत्री लागली. मी हा शब्द रागाने लिहिते आहे आणि बदलणार नाही. एका बिल्डरला विहिरीकडचा तुकडा हवा होता. आत्या नको म्हणाली. मग काळ्या काचांची जीप येऊ लागली. एकदा पाइपलाइन फोडली, एकदा कळीवर आलेला झेंडू उपटून बांधावर टाकला. आत्याने ती रोपं पाटीत भरली आणि तशीच पोलीस चौकीत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"मावशी, हा काय भाजीबाजार आहे का?" साहेब म्हणाले.

"पंचनामा करायला तुमी येत नाय, म्हून मीच मळा घिऊन आले."

साहेब हसले. चहा मागवला. पंचनामा नाही केला. "तुमच्या घरात गडीमाणूस नाही. हत्याराचं लायसन काढा, शिफारस मी करतो," असा सल्ला मात्र दिला. एका बाईचं शेत राखणं हे ज्याचं काम, त्याने तिलाच बंदूक घ्यायला सांगावी आणि ते उपकार म्हणून सांगावं! माझं डोकं फिरलं. आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. वडील चळवळीतले, सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आमच्या गोधड्यांनाही यायचा. मी रात्रीतून एक पत्रक लिहिलं. आत्याने ते ऐकलं, घडी घातली आणि त्यात शेवंतीचं बी बांधून ठेवलं.

"पोरी, लिवलंस झ्याक. पन तुजा कागद बघून जीप मागं फिरंल व्हय?"

परवाना यायला फार दिवस लागले. आला तेव्हा साहेबांनीच दुकान सुचवलं. "पोलिसांकडून मोडीत निघालेलं एक रिव्हॉल्वर आलंय तिथे. नवं घेण्यापेक्षा हे बरं." मी आत्याबरोबर गेले. दुकानदाराने लाल फडक्यावर ते काळसर धूड ठेवलं आणि त्याचं कूळ सांगायला लागला, "सरकारी माल आहे मावशी. खात्याचा शिक्का बघा."

"शिक्का ऱ्हाऊ दे. आ करायला लाव त्याला."

दुकानदाराने गोळ्या भरायचं चक्र बाहेर काढून दाखवलं. आत्याने नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि बैलाच्या तोंडात बघावं तशी बराच वेळ आत बघत राहिली. मग चक्र बोटांत धरून हलवलं. बैलाचा दात हलतोय का बघताना हलवायची तसंच. शेवटी तिने ते उलटंसुलटं केलं. बाहेरचा काळा रंग पार उडाला होता. चामड्याच्या म्यानात घासून घासून कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मूठ घामाने गुळगुळीत झाली होती. आत मात्र नळी लख्ख होती, गोळीला फिरवणारे आटे धारदार, काल कातल्यासारखे.

"वरून झिजलंय, आतून कोरं हाय," आत्या म्हणाली. "म्हंजी हे उडालंच नाय कधी."

दुकानदार खूश झाला. "तेच तर म्हणतो मी! नुसतं कमरेला होतं."

"हां. पोलिसाचंच हाय मग," आत्या म्हणाली. "कमरेला झिजलं, कामाला नाय."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. किती वर्षं ते कुणाच्या कमरेला हिंडलं असेल? त्याच्यासमोर किती जणांचे बांध फुटले असतील, किती पाट्या उलट्या झाल्या असतील! सगळ्या वेळी ते म्यानात गप्प बसलं आणि गप्प बसण्याची नोकरी पूर्ण करून आता आमच्याकडे यायला निघालं. बैल घेताना आत्या औताला जुंपून बघायची. हे कुठे जुंपणार? "चालवून बघायची सोय नाही," दुकानदार म्हणाला. आत्याने ते गोळ्यांसकट घेतलं.

दसरा आला. विळा, खुरपं, पंप, सगळ्यांची पूजा झाली. त्यांच्या रांगेत रिव्हॉल्वरही बसलं. हत्यार आहे, त्याला पूजेतून वगळायचं कसं? आत्याने त्याच्या चक्रात तिळाचं तेल सोडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि लाल कापडात गुंडाळून ते पेटीत ठेवून दिलं. तेल आत घट्ट होत गेलं.

दिवाळीच्या तोडणीला जीप आली. आम्ही दोघी फुलं तोडत होतो. चार जण उतरले आणि विहिरीची मोटर उचकटायला लागले. आत्या घरात गेली, कापड सोडत बाहेर आली. हात वर, नेम आभाळाकडे. "मोटर सोडा, न्हायतर बार काढीन!"

तिने चाप ओढला. चक्र फिरेना. दोन्ही हातांनी ओढला. नाहीच. त्यातला एक पोरगा पोट धरून हसला. "फौजदारीण, चावी भरायची राहिली का?" मोटर घेऊन ते निघून गेले.

आणि मग पोलीस आले! ज्यांना आमच्या मळ्याचा रस्ता कधी सापडला नव्हता, ते चहाचं आधण उतरायच्या आत आले. हत्यार रोखल्याची तक्रार होती, आत्याविरुद्ध. साहेबांनी ते पुढ्यात घेऊन चक्र खटपट करून उघडलं, तेव्हा हळदीचा लगदा निघाला आणि त्यात चक्राच्या सांध्यात अडकलेला तांदळाचा एक दाणा. हवालदार हसला. आत्या नाही हसली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचंच व्हतं."

परवाना गेला. गुन्हा मात्र राहिला, टांगत्या दगडासारखा. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी तिला चौकीत बोलावून समोर चहा ठेवला आणि मार्ग सांगितला. विहिरीकडचा तुकडा सोडा, तक्रार मागे घ्यायला लावतो. शेजारच्या खुर्चीवर बिल्डर बसला होता. आत्याने सही केली. विहीर बुजवली गेली. पाण्यावाचून उरलेला मळा तीन उन्हाळेही टिकला नाही. तिथल्या इमारतीला त्यांनी फुलाचं नाव दिलं आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.

शेवटच्या आजारपणात ती आमच्याकडे होती. एकदा तिची वेणी घालताना मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी अक्षता टाकल्या नसत्या तर?"

"तर काय? आभाळात बार निघाला असता आन् मी तुरुंगात गेले असते." तिने मान मागे वळवली, वेणी माझ्या हातातून सुटली. "अक्षतांची चूक नाय ती. बाजारात बैल नंतर बघायचा, आधी इकनारा बघायचा. माझ्या बानं शिकवलं व्हतं. मी त्या लोखंडाचं तोंड उजेडाला धरून बघितलं पोरी. ते घ्या म्हननाऱ्याचं बघितलंच नाय. म्होरं बसून चहा पीत व्हता की मेला, येवढं तोंड उघडून हसत!"